जलचिन्हाचा कागद आणि शाईचे पेन : काही महिन्यांच्या वापरानंतर

शाईच्या पेनाने पत्रे लिहिणाऱ्याला आज पेन आणि शाई यांत भरपूर निवड करता येते, मात्र कागदाच्या बाबतीत त्याची पंचाईत होते. झेरॉक्सचा कागद गल्लोगल्ली मिळतो आणि चांगल्या कागदाच्या वह्याही आता मिळू लागल्या आहेत. पण कोरे सुटे ताव, दोन्ही बाजूंनी लिहिता येतील असे आणि उजेडात धरल्यावर आत जलचिन्ह दिसेल असे मागितले, की दुकानदार आधी लग्नपत्रिकांचे नमुने पुढे करतो. गेल्या उन्हाळ्यापासून मी मुख्यतः कॉन्करर लेड हा १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद वापरत आहे आणि त्याच्या जोडीला आपल्या बाजारात एक्झिक्युटिव्ह बाँड म्हणून मिळणारा ८५ जीएसएमचा कागद. मधल्या काळात पावसाळाही होऊन गेल्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

प्रथम जलचिन्हाविषयी. खरे जलचिन्ह कागद बनत असतानाच त्यात उतरते. जाळीवरचा लगदा ओला असताना डँडी रोल नावाचा पोकळ, जाळीदार रूळ त्यावरून फिरतो. या रुळावर तारेची अक्षरे किंवा आकृती बसवलेली असते. तिच्याखाली तंतू विरळ होतात आणि वाळलेल्या कागदाच्या त्या भागातून उजेड अधिक येतो. तारेचे चिन्ह साच्यात बसवण्याची रीत इटलीत तेराव्या शतकापासूनची आहे; रूळ पुढे यंत्रांबरोबर आला. बाजारात याची नक्कलही मिळते. तीत तयार कागदावर पारदर्शक रसायनाने चिन्ह छापलेले असते. ताव डोळ्यांच्या रेषेत तिरका धरला की ती जागा चकाकते आणि तेथे निब घसरून अक्षर तुटते. असे एक पाकीट मला चांगल्या कागदाच्या भावाने विकले गेले होते. त्याचा उपयोग आता वाणसामानाच्या याद्यांसाठी होतो.

मात्र जलचिन्ह अस्सल असले म्हणून कागद शाईला चांगला निघेल असे मुळीच नाही. शाई फुटणे किंवा न फुटणे हे कागदाला खळ कशी आणि किती दिली आहे यावर ठरते. जुन्या काळी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला होणारा कागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला जात असे आणि म्हणूनच त्यावर बोरूची ओली शाई जागच्या जागी राहत असे. आजचा बाँड कागद प्रामुख्याने लेझर प्रिंटरसाठी घेतला जातो. प्रिंटरची भुकटी कागदावर वितळून बसते, त्यामुळे खळ थोडी कमी पडली तरी कार्यालयात कोणाच्या लक्षात येत नाही. ते आपल्या निबेच्या लक्षात येते.

देवनागरीत हा दोष रोमनपेक्षा लवकर उघडा पडतो, असे माझे निरीक्षण आहे. शिरोरेषा आणि उभा दंड जेथे मिळतात तेथे निब दोनदा जाते, शाई साचते आणि तिला केसांसारखे पहिले फाटे तेथेच फुटतात. मी कोणताही नवा ताव ‘शुद्ध’, ‘श्रद्धा’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द लिहून पाहतो. ‘द्ध’च्या पोटातली पोकळी मोकळी राहिली तर पुढे जायचे, बुजली तर तो कागद सोडायचा. एक्झिक्युटिव्ह बाँडचे दोन वेगवेगळे गठ्ठे मी घेतले, एकाच गिरणीचे आणि एकाच नावाचे. पहिल्यावर कॅम्लिनची रॉयल ब्लू अगदी नेटकी बसली, दुसऱ्यावर तीच शाई त्याच पेनातून फुटली. हा असमानपणा मला या कागदाचा सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण एका गठ्ठ्यावरून पुढच्याची खात्री देता येत नाही.

कॉन्करर हे नाव १८८८पासून चालत आलेले आहे आणि मी वापरलेल्या सर्व तावांत त्याची प्रत सारखी निघाली. लेड प्रकारात अंगावर बारीक समांतर रेघांचा पोत असतो. माझ्याकडच्या तावांत त्या आडव्या आहेत. मध्यम निबेला या पोतामुळे हलकासा रोध मिळतो, अक्षर आपोआप सावकाश येते आणि शाईच्या गडद-फिक्या छटा स्पष्ट उठतात. अतिबारीक निबेला मात्र प्रत्येक रेघ जाणवते आणि वेगाने लिहिणाऱ्याला तो त्रास वाटेल. लोहयुक्त शाईची अक्षरे यावर सर्वांत धारदार उमटली. झळाळीच्या हौशी मंडळींनी मात्र दुसरा कागद पाहावा. शाई पृष्ठभागावर साचून चमकावी इतका हा कागद गुळगुळीत नाही. वाळायला वेळ लागतो, म्हणून पान उलटण्यापूर्वी टीपकागद लागतोच.

पान उलटण्याला महत्त्व आहे ते टपालाच्या वजनामुळे. ए-फोर आकाराचे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे १०० जीएसएमचा एक ताव सव्वासहा ग्रॅमचा. दोन ताव आणि पाच-सहा ग्रॅमचे पाकीट टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतात. तिसरा ताव घातला की जादा तिकीट लावावे लागते. दोन तावांत सविस्तर पत्र बसवायचे तर चारही बाजू लिहिण्याजोग्या हव्यात. कॉन्कररवर मागची अक्षरे पुसट दिसतात, पण वाचनाच्या आड येत नाहीत. ८५ जीएसएमच्या बाँडवर जाड निब वापरली तर मागची बाजू वाया गेली असे समजावे. ताव उजेडात धरून चिन्ह ज्या बाजूने सुलटे वाचता येते तिकडून सुरुवात करावी. ती बाजू मला किंचित मऊ लागली आहे.

पावसाळ्याने सर्वच कागदांची परीक्षा घेतली. जुलैत उघड्या फडताळातल्या तावांनी दमट हवा ओढली, कडा लहरल्या आणि एरवी नेटकी बसणारी शाईही शिरोरेषेवर थोडी पसरू लागली. त्याच गठ्ठ्यातले पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेले ताव मात्र जसेच्या तसे राहिले. चिपळूणच्या आत्याला मी याच डब्यातले चार कोरे ताव पत्रासोबत वेगळ्या मोठ्या पाकिटातून पाठवले. तिचे उत्तर आले त्यात तिकडच्या हवेत शाई बरीच फुटलेली होती.

किमतीच्या बाजूने पाहता कॉन्करर झेरॉक्सच्या कागदाच्या दहापटीच्या घरात जातो आणि कागदाचे व्यापारी सुटे ताव द्यायला नाखूश असतात. पूर्ण रीम घ्यायची झाल्यास तिघा-चौघांनी मिळून घ्यावी आणि नमुन्याचा एक ताव आधी मागून घ्यावा. लेटरहेड छापणाऱ्या छापखान्यांत कापून उरलेले ताव कधी कधी स्वस्तात मिळतात. जुळणारी पाकिटे मिळण्याची आशा मी सोडली आहे. पुढच्या खेपेस लेडऐवजी त्याच वजनाचा, बिनरेघांचा वोव्ह घेणार आहे, कारण घरातले दुसरे पेन बारीक निबेचे आहे आणि ते वापरणाऱ्या व्यक्तीची रेघांबद्दलची तक्रार रास्त आहे.