स्टोनी कोव्ह की हॅवलॉक : स्कूबा शिकायचं कुठे?

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींचा हा नेहमीचा प्रश्न, की स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स इथेच लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्हमध्ये उरकावा की डिसेंबरात घरी जाऊ तेव्हा अंदमानला हॅवलॉक बेटावर जाऊन करावा. पाडीचं (PADI, डायव्हिंग शिकवणारी संस्था) कार्ड दोन्हीकडे सेमच मिळतं, १८ मीटरपर्यंतचं, आणि त्यावर पाण्याचं तापमान कुठेच छापलेलं नसतं. गोची तिथेच आहे. हॅवलॉकच्या २८ डिग्रीत चार डाइव्ह मारून कार्ड मिळवलेला माणूस फेब्रुवारीत स्टोनी कोव्हच्या ५ डिग्रीच्या पाण्यात उतरायला कागदोपत्री पात्र असतो, प्रत्यक्षात तिथे तो पुन्हा पहिलीत असतो.

स्टोनी कोव्ह म्हणजे ग्रॅनाइटची जुनी खाण, पाणी भरलेली, सगळ्यात खोल जागी साधारण ३५ मीटर. तळाशी मुद्दाम बुडवलेली बोट वगैरे आहे, मासे म्हणाल तर पाइक आणि पर्च. दिसण्याच्या बाबतीत हॅवलॉकशी (आताचं स्वराज द्वीप) तुलनाच नको, तिथे कोरल, कासवं, माशांचे थवे, आणि अंगात फक्त ३ एमएमचा वेटसूट. मजेसाठीच करायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, अंदमानचं तिकीट काढा. पण धोक्यांचा हिशोब वेगळा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखा नाही.

गार पाण्यात पहिला फटका चेहऱ्याला बसतो, श्वास एकदम आत ओढला जातो आणि मग भराभर चालू राहतो, म्हणून उडी मारायच्या आधी चेहऱ्यावर पाणी मारून घ्यायचं आणि वरच दोन मिनिटं श्वास शांत होऊ द्यायचा. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने पळवतं. आधी बोटं जातात. जाड ग्लव्हजमधून जॅकेटमध्ये (तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जॅकेट) हवा भरायचं बटण कुठलं आणि सोडायचं कुठलं हे कळेनासं होतं, क्लिप निघत नाही, आणि नेमकं तेव्हाच मास्कमध्ये पाणी शिरतं.

रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबाची करून तोंडात देणाऱ्या यंत्राचं, प्रकरण त्याहून महत्त्वाचं. सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या त्याच्या भागात, एकदम प्रसरण पावते तेव्हा ती स्वतःच प्रचंड गार होते, पाणी आधीच ५ डिग्रीचं असेल तर तिथे बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा भसाभसा वाहायला लागते, काही मिनिटांत सिलिंडर रिकामं. १० डिग्रीच्या खाली गार पाण्यासाठीचाच रेग्युलेटर लागतो, तरीही काठावर थंड हवेत त्यातून उगाच श्वास घेत बसायचं नाही आणि श्वास घेतानाच जॅकेटमध्ये हवा भरायची नाही.

मग ड्राय सूट, आत पाणी शिरू न देणारा. हा एक वेगळा कोर्सच आहे आणि हा मी तरी कुणाला टाळू देणार नाही. सूटमध्ये हवा असते, वर येताना ती फुगते, १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते. ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची, त्यासाठी कोपर वर करायचं. पण डोकं खाली आणि पाय वर झाले की सगळी हवा पायात जमते, व्हॉल्व्ह खाली राहतो, हवा निघायला वाटच नाही आणि माणूस पाय वर करून सुसाट पृष्ठभागाकडे. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं, तेही लगेच, वर जाईल तसा वेग वाढतो. हे वाचून येत नाही, इन्स्ट्रक्टरबरोबर उथळ पाण्यात घोटवूनच येतं.

चाळिशीतल्या, बीपीची गोळी चालू असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : गार पाण्यात फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो. पाण्यात असताना दम लागणं, खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी दिसली तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणायचं नाही, डाइव्ह संपवून बाहेर यायचं आणि डॉक्टरकडे जायचं. कोर्सच्या आधी मेडिकल फॉर्म खरा भरा.

उबदार पाणी म्हणजे पिकनिक असंही नाही हां. तिथे लोक दिवसाला तीन-तीन डाइव्ह मारतात, सलग चार दिवस, मध्ये बोटीवर उन्हात बसून, पाणी कमी पिऊन, आणि वर पार्टी. डीकम्प्रेशन सिकनेसला (अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार) यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही. पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नाही, १८ म्हणता म्हणता २५ होतात. करंट असतात. कान ओले राहून दुखतात आणि कोरलवर खरचटलं तर जखम लवकर भरत नाही. दगडमासा, लायनफिश यांचे काटे विषारी, डंख झाला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ डिग्रीच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. टायटन ट्रिगरफिश घरट्याजवळ अंगावर येतो, त्याचा इलाका वर रुंद होत जातो म्हणून वर पळायचं नाही, आडवं निघायचं. मगरीही आहेत : २०१० मध्ये राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. असं क्वचितच घडतं, पण खारफुटीच्या खाडीच्या आसपास उतरायचं नाही, स्थानिक सांगतील ते ऐकायचं.

आणि मदत किती लांब, हेही बघा. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरची (आताचं श्री विजयपुरम) फेरीच दीड-दोन तासांची, ती हवामानावर चालते, रात्री नाही. डायव्हिंगचा इन्शुरन्स काढल्याशिवाय जाऊ नका.

माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा सुट्टीतच डायव्हिंग करणार असाल तर थिअरी आणि पूल इंग्लंडात करा आणि रेफरल (इतका कोर्स झाल्याचा, उरलेला दुसरीकडे पूर्ण करायचा कागद) घेऊन चार ओपन वॉटर डाइव्ह अंदमानला मारा, सुट्टीचे दोन दिवस क्लासरूममध्ये जात नाहीत. रेफरल वर्षभर चालतं. दर वीकेंडला क्लबबरोबर जायचं असेल, पुढे स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमधली १९१९ मध्ये बुडवलेली जर्मन जहाजं बघायची असतील, तर सुरुवातीपासून गार पाण्यातच शिका, मे-जूनपासून, जानेवारीत नको. आइसलँडच्या सिल्फ्रावर (पाण्याने भरलेली जमिनीतली भेग) डोळा असेल, २ ते ४ डिग्री पाणी आणि १०० मीटरपर्यंत आरपार दिसतं, तर तिथे ड्राय सूटचं सर्टिफिकेट किंवा ड्राय सूटमधले नोंदवलेले १० डाइव्ह मागतात, नुसतं अंदमानचं कार्ड दाखवून भागत नाही. तारकर्लीला इन्स्ट्रक्टरने धरून खाली नेलेलं तर यातल्या कशातच धरू नका.

डीकम्प्रेशन सिकनेस टाळायला अंदमानहून परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी ठेवा, म्हणजे बुकिंग करतानाच शेवटचा दिवस कोरडा सोडा.