विंडोजवरचं व्हीएम लिनक्सवर: ओव्हीए की सरळ फोल्डर?

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातलं आभासी मशीन (व्हीएम) विंडोजच्या लॅपटॉपवरून लिनक्सवर न्यायचं तर दोन वाटा आहेत. पहिली, एक्स्पोर्ट करून ओव्हीए फाइल बनवायची. डिस्क कॉम्प्रेस होते, सगळं एकाच फाइलीत येतं आणि व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही ते बहुधा उघडता येतं. पण स्नॅपशॉट (मशीनच्या आधी जपून ठेवलेल्या अवस्था) येत नाहीत, फक्त आत्ताची अवस्था येते. शिवाय एक्स्पोर्ट-इम्पोर्ट मिळून वेळ बराच जातो. चहा करून, पिऊन, कप विसळूनही होतो.

दुसरी वाट म्हणजे अख्खं फोल्डर उचलायचं: सेटिंगची व्हीबॉक्स फाइल, व्हीडीआय डिस्क (मशीनच्या आभासी हार्डडिस्कची फाइल), स्नॅपशॉटसकट. तिकडे व्हीबॉक्स फाइल ‘अ‍ॅड’ केली की झालं. मात्र मशीन आधी पूर्ण शटडाउन करा. सेव्ह केलेली अवस्था वेगळ्या प्रोसेसरवर उठेलच असं नाही. शेअर्ड फोल्डरचे (लॅपटॉप आणि मशीन दोघांना दिसणाऱ्या फोल्डरचे) ‘सी ड्राइव्ह’वाले पत्ते आणि ब्रिज्ड नेटवर्क (मशीन थेट लॅपटॉपच्या नेटवर्कला जोडणं) वापरत असाल तर त्या कार्डाचं नाव नव्याने द्यावं लागतं. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तो एक्सफॅट फॉरमॅटचा करून घ्या.

दोन्हीकडे व्हर्च्युअलबॉक्सच असेल तर मी फोल्डरच नेतो. मशीन दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तेव्हाच ओव्हीए.