अ‍ॅम्लोडिपिन की टेल्मिसार्टन? बीपीची पहिली गोळी ठरवताना

बीपीची गोळी पहिल्यांदा लिहून मिळाली की औषधाच्या दुकानात येणारे बरेच जण विचारतात, "ही जास्त पॉवरची आहे का हो?" फार्मासिस्ट म्हणून हा प्रश्न मी रोज ऐकते, आणि त्याचं उत्तर काउंटरवरच्या दोन मिनिटांत नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

नव्या रुग्णाच्या चिठ्ठीवर आपल्याकडे बहुधा दोन नावांपैकी एक असतं, अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन. दोन्ही दिवसातून एकदाच घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींचे गट सुरुवातीच्या औषधांमध्ये आहेत, आणि नेहमीच्या डोसला बीपी उतरवण्याची ताकद दोघींचीही जवळपास सारखी. मग फरक कुठे? तुमची किडनी, तुमचं वय, शुगर आहे का, मूल हवं आहे का, गुडघेदुखीच्या गोळ्या किती घेता, उपास-वारी-उन्हातलं काम किती, या सगळ्यात. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच, पण यातल्या कितीतरी गोष्टी तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाहीत.

काम करण्याची पद्धत

अ‍ॅम्लोडिपिन थेट रक्तवाहिन्यांवर काम करतं. धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. ही गोळी त्या कॅल्शियमला अडवते आणि वाहिनी सैल पडते. टेल्मिसार्टनचा रस्ता वेगळा आहे. शरीरात अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते वाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. त्याची सुरुवात किडनीपासून होते, आणि टेल्मिसार्टन त्याचा परिणाम रोखतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं: पहिल्या गोळीच्या तक्रारी वाहिन्यांच्या, दुसरीचे फायदे आणि धोके दोन्ही किडनी आणि पोटॅशियमच्या आसपासचे.

अ‍ॅम्लोडिपिन: सोपी गोळी, पण पाय बघत राहा

एकट्या राहणाऱ्या, तपासणीसाठी तालुक्याला जाणं कठीण असणाऱ्या वयस्कर माणसासाठी मला ही गोळी जास्त सोयीची वाटते. सुरू केल्यावर तिच्यासाठी म्हणून रक्त तपासावं लागत नाही. किडनी थोडी कमजोर असली तरी सहसा चालते. ती शरीरातून फार सावकाश जाते. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एखाद्या दिवशी विसरली तर बीपी एकदम उसळत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात महाराष्ट्र पहिल्या ५ राज्यांत होता. त्या कार्यक्रमात अनेक ठिकाणी उपचाराची पहिली पायरी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम हीच आहे.

सावकाशपणाची दुसरी बाजू अशी की पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी जातो. तिसऱ्या दिवशी बीपी तेवढंच दिसलं म्हणून स्वतःहून दोन गोळ्या घेऊ नका.

आता पायांची सूज. लोक या गोळीला कंटाळतात ते बहुतेक वेळा यामुळेच. औषधाच्या माहितीपत्रकातल्या चाचण्यांत ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या ३ जणांना सूज आली, १० मिलिग्रॅमवर जवळपास ११ जणांना. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. संध्याकाळी घोटे जड होतात, मोज्याचा वळ उमटतो, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. ही सूज किडनी बिघडल्याची खूण नसते. धमन्या सैल होतात, शिरा मात्र तेवढ्या सैलावत नाहीत, म्हणून बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी साठल्यामुळे ती आलेली नसल्याने लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. तरी घरातल्या कुणाची लघवीची गोळी "घेऊन बघ" म्हणून दिली जाते, आणि मग चक्कर येते, सोडियम-पोटॅशियम बिघडतं. डॉक्टर डोस कमी करून किंवा सोबत टेल्मिसार्टन जोडून ही सूज बऱ्याचदा आटोक्यात आणतात. एकाच पायाला सूज, दुखणं किंवा धाप असेल तर मात्र गोळीला दोष देत बसू नका, लगेच दाखवा.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीला चेहरा गरम होणं, डोकं दुखणं, धडधडणं होऊ शकतं. काहींच्या हिरड्या फुगतात, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनाही ही गोळी चालू असल्याचं सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत आलं तर अ‍ॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन असेल तर ते दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नको. हृदयाचं पंपिंग कमी असल्याचं कधी निदान झालं असेल तर ते आधी सांगा. २००२ च्या ऑलहॅट या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअर टाळण्यात अ‍ॅम्लोडिपिन क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळीपेक्षा कमी पडलं होतं.

टेल्मिसार्टन: पायांना त्रास नाही, पण रक्ताची तपासणी हवी

शुगर आहे आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत, तर माझ्या मते इथे विचार टेल्मिसार्टनच्या बाजूने झुकतो. किडनीच्या गाळण्यांवरचा दाब ते कमी करतं आणि हा गट किडनीची झीज मंदावतो. घोट्यांची सूज नाही. रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या दुसऱ्या गटातल्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकलाही सहसा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट चाचणीत २५ हजारांहून जास्त लोक होते. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात टेल्मिसार्टन रॅमिप्रिलच्या बरोबरीचं ठरलं. त्याच चाचणीत दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास मात्र वाढला. म्हणून ज्या दोन गोळ्यांच्या घटकांची नावं 'सार्टन' आणि 'प्रिल'ने संपतात त्या एकाच चिठ्ठीवर दिसल्या, किंवा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर आल्या, तर विचारल्याशिवाय दोन्ही सुरू करू नका.

या गोळीची पहिली अट फार कडक आहे: गरोदरपणात ती नको. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाच्या किडनीला इजा होते आणि बाळ दगावूही शकतं. तिशीतल्या बायकांनाही आता बीपी निघतं, म्हणून हे ठासून सांगते. मूल हवं असेल तर आधीच गोळी बदलून घ्या. पाळी चुकली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत, तेव्हा घाबरून बीपी उपचाराविना सोडायचीही गरज नाही.

दुसरी अट तपासणीची. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलं तर डॉक्टर कारण शोधतात. ही तपासणी लोक सर्रास टाळतात, कारण "बरं वाटतंय". पोटॅशियम वाढलेलं बऱ्याचदा जाणवतही नाही, आणि ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

इथेच आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ येतं. बाजारात मिळणाऱ्या लो सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी चांगली असलेल्या आणि फक्त अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या माणसाला त्याचा फायदा होऊ शकतो. टेल्मिसार्टन घेणाऱ्याने, त्यातही किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रोज शहाळं पिण्याचंही तसंच. आणि उपासाचं सैंधव दोन्ही गोळ्यांच्या रुग्णांसाठी मीठच आहे, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

तिसरी गोष्ट, अंगातलं पाणी कमी होण्याचे दिवस. जुलाब-उलट्या, तापात जेवणपाणी तुटणं, निर्जळी उपास, वारीतली उन्हातली चाल. अशा वेळी किडनीकडे जाणारं रक्त आधीच घटलेलं असतं आणि टेल्मिसार्टन किडनीची सावरून घेण्याची वाट अडवतं. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं आणि लघवीची गोळीही चालू असली, तर किडनी एकाएकी बंद पडू शकते. बरेच डॉक्टर अशा दिवसांत टेल्मिसार्टन तात्पुरतं थांबवायला आणि खाणंपिणं पूर्ववत झालं की पुन्हा सुरू करायला सांगतात. तुमच्यासाठी काय, ते चिठ्ठीवर लिहूनच घ्या. अंगदुखीला आधी पॅरासिटामॉल बघा; डायक्लोफेनॅकने तसंही बीपी वाढतं, गोळी कुठलीही असो.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठा. क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं.

एक बारीकशी गोष्ट, जी चिठ्ठीवर कधीच लिहिलेली नसते. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा शोषून घेते. घ्यायच्या वेळीच ती स्ट्रिपमधून काढावी. आठवड्याच्या वारांची डबी भरून ठेवायची आपल्याकडे चांगली सवय आहे, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात उघडी टेल्मिसार्टन त्या डबीत ठेवू नका. स्ट्रिपचे बंद तुकडे कापून ठेवता येतात.

दोन्ही मिळून एक गोळी

एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटाची गोळी थोड्या डोसने जोडली की बीपी जास्त उतरतं आणि त्रास कमी होतो. बीपी बरंच जास्त असेल तर सुरुवातच जोडगोळीने होते, त्याने दचकू नका. मला काळजी वाटते ती नावांची. ब्रँडच्या नावापुढची अक्षरं वाचली जात नाहीत. 'एएम' म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. जुनं अ‍ॅम्लोडिपिन घरात शिल्लक आहे आणि नवी 'एएम' गोळी आली, तर दोन्ही घेतल्या जातात आणि डोस दुप्पट होतो. नवी चिठ्ठी आणताना घरातल्या जुन्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा, कुठलाही फार्मासिस्ट पाच मिनिटांत जुळवून देईल. जनऔषधी केंद्रातून घेताना ब्रँडच्या नावाऐवजी घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा; ते जुळलं की स्वस्त गोळी घ्यायला हरकत नाही.

सकाळी की रात्री, आणि बीपी मोजायचं कधी

वेळेवरून फार वाद होतात. ब्रिटनमधल्या २१ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत, २०२२ साली, सकाळी आणि रात्री घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण सारखंच निघालं. जी वेळ चुकत नाही ती धरा. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नका.

गोळी लागू पडते आहे का, ते डोकं दुखण्यावरून कळत नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन वापरा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, सकाळचं माप गोळीच्या आधी घ्या. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना कळवा. अ‍ॅम्लोडिपिनचा निकाल आठवड्या-दोन आठवड्यांनी बघा, टेल्मिसार्टनला साधारण चार आठवडे द्या. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं यातलं काही दिसलं, तर जास्तीची गोळी देत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

आकडे छान आले म्हणून गोळी सोडणारे मला दर महिन्याला भेटतात. तो चांगला आकडा गोळी चालू असल्यामुळेच आलेला असतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चक्कर यायला लागली, तर डोस कमी करण्याबद्दल नक्की बोला, पण ते पंधरा दिवसांच्या मापांची वही डॉक्टरांपुढे ठेवून.