नागपूरच्या उन्हातलं तीन किलोवॅट

नागपूरला उन्हाची काय कमी! मानेवाड्याच्या आमच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवून वर्ष उलटलं. ५४० वॅटची सहा पॅनल, तोंड दक्षिणेला. खर्च दोन लाखांच्या आसपास. त्यातले ७८,००० 'पीएम सूर्यघर' योजनेतून नंतर खात्यात आले. अनुदान तीन किलोवॅटच्या पुढे वाढत नाही, म्हणून आम्हीही तिथंच थांबलो.

आकाश मोकळं असलं की दिवसाला बारा युनिट सहज निघतात. पण मे महिन्यात वीज धो धो तयार होते हा समज आधी सोडा. पॅनलची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते. बाहेर पंचेचाळीस असताना पॅनल पासष्ट-सत्तरला जाऊन पोचतं, आणि दर अंशामागं साधारण ०.३५ टक्के वीज घटते. आमच्या अ‍ॅपवर मार्चची दुपार मेच्या दुपारपेक्षा बरी दिसते. जुलै-ऑगस्टचं तर विचारूच नका.

खरी मेख हिशेबात आहे. नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर. त्यावर जादा गेलेली युनिट पुढच्या बिलांत वळती होतात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. थंडीत जमवलेली शिल्लक तेव्हा किरकोळ दरानं विकत घेतली जाते, आणि एप्रिलात कूलर सुरू होतात तेव्हा खाती काहीच नसतं. नागपूरकरासाठी याहून वाईट तारीख शोधूनही सापडणार नाही. बिल तरी पार उतरलं, फक्त स्थिर आकार काही सुटत नाही.

लाइट गेली की हे सोलरही बंद. लाइनमनला करंट लागू नये म्हणून ऑन-ग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. बॅटरी नसेल तर भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन असताना, आपण हातपंख्यावर. बाप्पा, हे विक्रेत्यानं आधी सांगायला काय हरकत होती?

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. काम स्वच्छ केलं, पण नेट मीटर लागेपर्यंत फोन उचलायला त्याला जड जायचं. शिवाय तो पॅनलखाली गुडघाभर उंचीचा सांगाडा टाकून मोकळा होणार होता. मी अडून बसले. कुरड्या, मुगवड्या, सांडगी मिरची वाळवायची कुठं? जास्तीचे पैसे मोजून आठ फुटांचा सांगाडा करवून घेतला. पॅनलच्या सावलीत आता खाट टाकता येते, उरलेल्या उन्हात वाळवण होतं, आणि स्लॅब तापत नसल्यानं वरची खोली उन्हाळ्यातही वापरात राहते. बिलापेक्षा मला याचंच जास्त कौतुक.

पॅनल धुवायची ती पहाटे, तापलेल्या काचेवर पाणी नको. बोअरचं पाणी पांढरे डाग सोडतं, म्हणून आम्ही नळाचं वापरतो.

सोलरला पाचपैकी चार, विक्रेत्याला अडीच.