कोलॅजन पावडरचे दोन डबे

ठाण्यात राममारुती रस्त्यालगतच्या एका औषधाच्या दुकानातून आईच्या गुडघ्यांसाठी माशांपासून केलेल्या कोलॅजनच्या, म्हणजे सांध्यांत असणाऱ्या एका प्रथिनाच्या, पावडरचा २५० ग्रॅमचा डबा १,१५० रुपयांना आणला. रोज सकाळी कोमट पाण्यातून दहा ग्रॅम, याप्रमाणे दोन डबे संपायला जवळजवळ दोन महिने लागले, कारण गुरुवारी आई त्या डब्याला हातही लावत नसे.

पावडर विरघळते छान. गुठळी होत नाही आणि लिंबू पिळले की माशाचा वासही जाणवत नाही. पायांचा रस्सा फ्रीजमध्ये जसा थलथलीत होतो तसे हिचे होते का, हे पाहण्यासाठी एक पेला मी रात्रभर आत ठेवला, पण सकाळी तो पाण्यासारखाच पातळ निघाला. कोलॅजनच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. शिजवल्यावर हा पीळ सुटतो आणि थंड होताना त्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींत अडकून पाणी धरून ठेवतात. या पावडरीत मात्र साखळ्यांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात. तिहेरी पिळाची ही रचना १९५४ साली जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रासमध्ये मांडली, आणि कंडरांना (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांना) व कूर्चेला (सांध्यातल्या मऊ हाडाला) ताण सोसण्याचे बळ येते ते या पिळामुळेच. म्हणजे ज्या रचनेच्या जोरावर कोलॅजन काम करते, ती रचनाच डब्यात नाही.

म्हणूनच माझा आक्षेप डब्यावरच्या चित्राला आहे. त्यात पावडरीचे कण बाणाच्या दिशेने सरळ गुडघ्यात शिरताना दाखवले आहेत, आणि दुकानदारानेही "थेट सांध्यात जाते" असेच सांगितले. वास्तविक खाल्लेले प्रथिन जठरात पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरे तोडतात, आणि रक्तात पोहोचतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्ले (प्रथिनांच्या साखळीचे मणी) व काही दोन-तीन आम्लांचे तुकडे. त्यांतून स्नायू घडायचे, हिमोग्लोबिन घडायचे की प्रतिपिंडे, हे शरीराच्या गरजेवर ठरते. गुडघ्याच्या नावाने त्यांतले काही राखून ठेवलेले नसते. शिवाय नव्या कोलॅजनचा पीळ पक्का बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, ते या डब्यात नव्हते. लिंबू आमचेच.

मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतला तक्ता मात्र प्रामाणिक आहे. त्यात ग्लायसीन हे अमिनो आम्ल सर्वांत जास्त आणि ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या आम्लासमोर शून्य आहे. प्रौढांना अन्नातूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्ले नऊ, आणि त्यांतले एक येथे मुळीच नसल्यामुळे ही पावडर पूर्ण प्रथिन ठरत नाही. दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम या भारतीय शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या आईला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. चमच्यातून नऊ ग्रॅम मिळतात या हिशेबाने तिने सकाळचे अंडे बंद केले होते, आणि ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

आईची तलावपाळीची, म्हणजे तलावाकाठची, फेरी पूर्वीइतकीच होते. जिना उतरताना कठडा अजूनही लागतो. पाचपैकी दोन तारे देतो, एक गुठळी न झाल्याबद्दल आणि दुसरा त्या तक्त्यातल्या शून्याबद्दल. तिसरा डबा आणलेला नाही, अंडे पुन्हा सुरू केले आहे.