डिझाइन कॉलेजची शोरील बघून भुलण्याआधी हे वाचा

डिजिटल मीडिया, ग्राफिक डिझाइन, अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्था प्रवेशाच्या वेळी सगळ्यात आधी काय दाखवतात? ‘आमच्या विद्यार्थ्यांचं काम’. मला जिथे गंडवलं तिथेही हेच झालं. संस्थेचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. शिवाय अशी दुकानं पाटी बदलून पुन्हा उघडतात, त्यामुळे नावापेक्षा पद्धत लक्षात राहिलेली बरी.

माहिती सत्रात मोठ्या पडद्यावर शोरील, म्हणजे निवडक कामांची छोटी फिल्म, लावली होती. दणदणीत संगीत, झपाझप बदलणारी दृश्यं. त्यात बर्फाळ डोंगरातून वाट काढणारी एक मुलगी होती. चेहरा, केस, वारा, सगळं इतकं सफाईदार की आईबाबाही गप्प झाले. ‘हे फायनल इयरच्या बॅचचं,’ असं सांगितलं गेलं. पुढे थ्रीडीचे सर मध्येच सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही आणि आम्ही ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आपलं आपणच शिकायला लागलो. तेव्हा वर्गातल्या एकाला तीच मुलगी सापडली. ती ‘सिंटेल’ या लघुपटातली. ब्लेंडर फाउंडेशननं तो २०१० मध्ये काढला आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. वापरा, कापा, जोडा. अट एकच, श्रेय द्या. यांनी नेमकं श्रेयच कापलं होतं. फुकट मिळणारी वस्तूसुद्धा चोरून वापरायची, याला काय म्हणावं!

एकदा संशय आल्यावर भिंती बोलायला लागल्या. रिसेप्शनमध्ये विद्यार्थ्यांची म्हणून लावलेली मोठमोठी पोस्टरं होती. जवळ जाऊन अक्षरांच्या कडा बघितल्या, तर भोवती बारीक चौकोनी डाग. जेपेग फाइल चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून ती माहिती दाबते. फाइल जास्त दाबली की ते चौकोन दिसायला लागतात, आणि ठळक कडांभोवती घाण साचल्यासारखं दिसतं. ज्यानं पोस्टर स्वतः केलंय त्याच्याकडे मूळ फाइल असते, अक्षरं व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषांत, असतात. ती भिंतभर मोठी केली तरी कड ब्लेडनं कापल्यासारखी येते. इंटरनेटवरून उतरवलेलं छोटं चित्र ताणून छापलं की हे असं होतं. फोटो काढून रिव्हर्स इमेज सर्चला (चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते शोधायला) टाकले, तर बरीचशी पोस्टरं दुसऱ्याच लोकांच्या पोर्टफोलिओत निघाली. माहितीपत्रकातल्या ‘विद्यार्थ्यांच्या ब्रँडिंग प्रोजेक्ट’ची गंमत तर वेगळीच. लोगो निराळे, पण कप तोच, सावली त्याच कोनात, टेबलावरचा ओरखडासुद्धा तोच. एकाच तयार मॉकअपवर, म्हणजे डिझाइन बसवून दाखवायच्या नमुना-चित्रावर, लोगो बदलत गेले होते. मॉकअप वापरणं गैर नाही, सगळेच वापरतात. पण त्याच्या आत प्रोजेक्ट नावाचं काहीतरी असावं लागतं.

म्हणून कुठेही प्रवेश घेण्याआधी तयार चित्र बघून थांबू नका. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा, शक्यतो संस्थेचं माणूस शेजारी नसताना, आणि त्याला त्याची फाइल उघडायला सांगा. लेयर्स दिसू देत, आधीची रद्द केलेली स्केचेस दिसू देत, थ्रीडी असेल तर वायरफ्रेम (आकृतीचा जाळीसारखा सांगाडा) आणि ब्रेकडाउन (दृश्य टप्प्याटप्प्यानं कसं बनलं ते) दिसू दे. ज्यानं काम केलंय तो हे दाखवताना थांबत नाही, उलट त्याला आवरावं लागतं.

मान्यतेचं पितळ उघडं पडलं ते सॉफ्टवेअरमुळे. फीमध्ये ‘सॉफ्टवेअर शुल्क’ वेगळं घेतलं होतं आणि लॅबमध्ये क्रॅक केलेल्या आवृत्त्या होत्या. ऑटोडेस्क ही कंपनी माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत देते, एका वर्षाचा परवाना, पात्र असाल तर पुढे वाढवूनही मिळतो. फक्त तुमची संस्था पात्र शिक्षणसंस्था असावी लागते. मी अर्ज केला, पडताळणीत नाकारला गेला. विचारल्यावर ‘तांत्रिक अडचण आहे, होईल’ असं उत्तर. तेव्हा ज्या विद्यापीठाशी ‘संलग्न’ असल्याचं छापलं होतं, त्यांनाच सरळ ईमेल केलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: करार जुन्या एका अभ्यासक्रमापुरता होता, तो संपला आहे. आमच्या अभ्यासक्रमाशी त्यांचा कधीच संबंध नव्हता. मान्यता संस्थेला आहे की तुमच्या अभ्यासक्रमाला आणि तुमच्या वर्षाला, हे पदवी देणाऱ्याकडूनच लेखी घ्या. प्रवेश समुपदेशकाच्या तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही.

‘लाइव्ह प्रोजेक्ट’वर मात्र माझा अजूनही सगळ्यात जास्त राग आहे. खऱ्या क्लायंटसाठी काम, म्हणून आम्ही रात्र-रात्र जागलो. पॅकेजिंग, सोशल मीडियाच्या पोस्ट, एक छोटी जाहिरात फिल्म. क्लायंटनं संस्थेला पैसे दिले; आम्ही ते काम शिकण्यासाठी म्हणून, वर फी भरून केलं. पुढे इंटर्नशिपसाठी ते पोर्टफोलिओत टाकलं तर काढून टाकण्याची नोटीस आली. प्रवेश अर्जात एक वाक्य होतं: शिक्षणकाळात तयार झालेलं सर्व काम संस्थेच्या मालकीचं. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांमध्ये कॉपीराइट काम तयार होताच निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. पण सही करून तो देऊन टाकता येतो, आणि अर्जावर आमच्या सह्या होत्या. पोर्टफोलिओशिवाय या क्षेत्रात दारातही उभं करत नाहीत. ते वाक्य दिसलं तर खोडायला लावा, निदान ‘पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्क विद्यार्थ्याकडे राहील’ एवढं तरी जोडून घ्या. जोडत नसतील तर उठा.

पैशांचं थोडक्यात सांगते. ‘सोपे हप्ते’ म्हणून जो फॉर्म भरून घेतला तो संस्थेचा नव्हताच, फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. कंपनीनं सगळी रक्कम संस्थेला एकदम दिली. संस्थेला मग आम्ही शिकतो की सोडतो याची फिकीर उरली नाही, आणि सोडल्यावरही कर्ज माझ्याच नावावर राहिलं. फॉर्मवर सर्वात वर कुणाचं नाव छापलंय ते वाचा.

तक्रार केल्यावर संस्थेच्या वेबसाइटवरून ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त’ हे शब्द गायब झाले. असं काही कधी लिहिलंच नव्हतं, असा त्यांचा पवित्रा. पण इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याच पानाची जुनी प्रत तारखेसकट होती. तिची प्रिंट जोडली आणि समझोत्याचे फोन यायला लागले. तुमचं प्रवेशाचं बोलणं चालू असेल तर संस्थेची पानं आजच तिथे साठवून ठेवा, ती सोय फुकट आहे. मला आतापर्यंत सॉफ्टवेअर शुल्क तेवढं परत मिळालंय. बाकीच्या फीवर सुनावणी व्हायची आहे आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला कापला जातोय.