तयार काढा चूर्ण: पुडी घ्यावी की घरी कुटावं?

आयुष मंत्रालयाने 2020 साली ‘आयुष क्वाथ’ या काढ्याचं सूत्र जाहीर केलं: तुळशीची वाळलेली पानं 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि काळी मिरी 1. याच प्रमाणाची तयार चूर्णं आता अनेक उत्पादक विकतात. हे परीक्षण त्यातल्या कुणा एकाचं नाही, तर या प्रकारच्या पुडीचं आहे. घटक तेच असल्यामुळे गुणदोषही बरेचसे तेच निघतात.

आधी निकाल सांगून टाकतो: सूत्र चांगलं, पुडी कामचलाऊ.

दोष चारही वस्तू एकत्र दळण्यात आहे. सुंठ, दालचिनी आणि मिरी टणक आहेत, त्यांना उकळी लागते. तुळशीचा वास मात्र उडून जाणाऱ्या तेलात असतो. तिला दहा मिनिटं खळखळ उकळलं की कपात उरतो हिरवट-कडवट पाला. घरभर वास सुटला म्हणून खूश होऊ नये, तो कपात राहायला हवा होता. आयुर्वेदात उकळून केलेला तो क्वाथ आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवलेला तो फांट, असा फरक आहेच. पुडीतल्या मिश्रणाला यातलं एकच काहीतरी मिळतं. उकळलं तर तुळस गेली, नुसतं भिजवलं तर सुंठ अर्धवट उतरली. चहाच्या पिशवीसारख्या पाकिटात येणाऱ्या क्वाथाचं हेच होतं: वास छान, घशाला मात्र काही जाणवत नाही.

दुसरी तक्रार बुळबुळीतपणाची. गाळलेला काढा थोडा निवला की दाटसर होतो, तळाशी शेवाळासारखा थर बसतो. तो बहुतेक वेळा बारीक दळलेल्या दालचिनीचा प्रताप असतो, कारण तिची वस्त्रगाळ पूड गरम पाण्यात फुगून चिकट होते. काढ्याला भरडच हवी, जाड रव्याएवढी. पुडी उघडल्यावर चिमूटभर बोटांत चोळून बघा. पिठासारखी लागली तर ती चहाच्या गाळणीने गाळली जाणार नाही, फडकंच घ्यावं लागेल.

मापाचाही घोळ आहे. सूत्रात 150 मिली पाण्याला 3 ग्रॅम सांगितलंय, पाकिटावर मात्र कधीकधी नुसतं ‘एक चमचा’. या हलक्या भरडीचा सपाट छोटा चमचा 2 ग्रॅमच्या आसपासच भरतो. शिवाय डबा हलला की तुळस वर येते आणि मिरी खाली बसते. म्हणून सुरुवातीचे कप मिळमिळीत लागतात आणि डबा संपत आला की जिभेला चटका बसतो. दर वेळी डबा उलटा-सुलटा हलवून मगच चमचा घाला.

घरी करायचं तर दोन बरण्या ठेवाव्यात, सगळी गंमत त्यातच आहे. पहिल्या बरणीत सुंठ 20 ग्रॅम, दालचिनी 20 आणि मिरी 10. दुसरीत वाळलेली तुळस 40 ग्रॅम. तेवढ्यासाठी ताजी पानं पाच-सहा पट लागतात. ती सावलीत वाळवा, उन्हात काळपट पडतात आणि वासही जातो. पान चुरगाळल्यावर कुरकुरलं पाहिजे, दुमडलं तर अजून ओल आहे. अख्खी सुंठ थेट मिक्सरमध्ये घालू नका. तिचे धागे पात्याला गुंडाळतात आणि पातं अडतं. आधी खलबत्त्यात ठेचा, मग थांबून-थांबून फिरवा, कारण सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. तुळस मिक्सरला लावूच नका, हातानेच चुरा.

तीन कपांसाठी स्टीलच्या भांड्यात 500 मिली पाणी घ्या, त्यात पहिल्या बरणीतली 5 ग्रॅम भरड घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. गॅस बंद करून 4 ग्रॅम तुळस घाला, पाच मिनिटं झाका, गाळा. पाणी आटवत बसण्याची गरज नाही. घट्ट काढा म्हणजे जास्त गुणकारी हा गैरसमज आहे, त्याने फक्त पोटात जळजळ वाढते. लिंबू गाळल्यावर पिळा, मध कप पिण्याजोगा कोमट झाल्यावर.

काढ्याने सर्दी लवकर जाते असं छातीठोकपणे सांगता येत नाही. घसा शेकला जातो, नाक थोडं मोकळं होतं, पोटात गरम पाणी जातं, हा आराम खरा. ‘आठवड्यात ठणठणीत’ असं छापलेलं पाकीट हसून बाजूला ठेवावं, कारण साधी सर्दी एरवीही सात ते दहा दिवसांत उतरते.

काही पथ्यं मात्र गंभीरपणे घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. आम्लपित्त असेल तर मिरी निम्मी करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रोज काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. घटकांच्या यादीत ज्येष्ठमध दिसला (गोडव्यासाठी काही जण घालतात) आणि रक्तदाब असेल, तर ती पुडी नकोच. बाजारातली जाड, एकाच थराची टणक दालचिनी बहुधा कॅसिया या जातीची असते. तिच्यात कुमारिन हा नैसर्गिक सुगंधी घटक जास्त असतो आणि तो फार झाला तर यकृताला त्रास देऊ शकतो. पातळ, कागदी पापुद्र्यांची सिलोन दालचिनी रोजच्यासाठी बरी.

मग पुडी कुणी घ्यावी? प्रवासात, होस्टेलवर, ऑफिसात, जिथे खलबत्ता नाही तिथे. घेताना घटकांचं प्रमाण छापलंय का आणि दळल्याची तारीख किती जुनी आहे ते बघा. यादीत साखर पहिली असेल तर ते सरबत समजा. उघडलेली पुडी काचेच्या बरणीत ओता, वाफाळत्या भांड्यावर धरून चमचा घालू नका. गठ्ठे झाले किंवा कुबट वास आला, तर पुन्हा वाळवून वापरायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.